बाजारतळ नदीला सोडला

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या आईला कधी नीट समजावता आलं नाही. साखरशेतला घरी कोणी विचारलं की ती सांगायची, "माझी पोर पाणी कुठवर येल ते सांगते." मग आलेल्या बाया एकमेकींकडे बघायच्या. आमच्याकडे पुढचं सांगतो तो भगत. एका बाईने मला हळूच बाजूला घेऊन तिची हरवलेली म्हैस कुठल्या दिशेला गेली असेल, असं विचारलं होतं.

आईचं सांगणं तसं चूक नव्हतं. मी सरकारी खात्यात अभियंता होते आणि माझी निम्मी नोकरी जव्हार-मोखाड्याच्या नद्यांचे पूर मोजण्यात गेली. आमच्या नद्या मैदानातल्या नद्यांसारख्या आठ दिवस आधी चाहूल देऊन फुगत नाहीत. उन्हाळ्यात त्यात गोटे असतात आणि गोट्यांवर वाळत घातलेले कपडे असतात. श्रावणात वर डोंगरात धो धो कोसळला की तासा-दोन तासांत त्याच जागी झाडं वाहत येतात. अशा नदीचं पाणी कुठवर चढेल ते आधी सांगायचं, त्याची रेघ नकाशावर मारायची आणि त्या रेघेच्या आत घर बांधू नका म्हणून लोकांचे शिव्याशाप घ्यायचे, असं ते काम.

रेघा दोन असतात. आतली निळी, बाहेरची लाल. निळी रेघ पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल शंभर वर्षांच्या. या 'वर्षांच्या' शब्दाने माझा फार छळ केला. एका गावचे माजी सरपंच मोठ्या आनंदात मला म्हणाले, "मॅडम, तो पंचवीस वर्षांचा मागल्या साली येऊन गेला. म्हणजे आता चोवीस वर्षं बांधकामाला हरकत नाही."

मी त्यांना समजावलं, की असं समजा, टोपलीत पंचवीस आंबे आहेत आणि त्यात एक सडका आहे. दर पावसाळ्यात डोळे मिटून एक उचलायचा, बघायचा आणि परत टोपलीत टाकायचा. सडका यंदा हाताला लागेल, पुढच्या वर्षी पुन्हा लागेल, किंवा चाळीस वर्षं लागणार नाही.

त्यांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "मग तो सडका काढूनच टाका ना."

तरी तोच आंब्यांचा दाखला मी पुढे गावोगाव देत राहिले.

पूर मोजायचा तर जुन्या पुराची खूण लागते, आणि खूण विचारताना आपण ती का विचारतोय हे लोकांना आधीच कळलेलं असतं. भरपाईची बातमी पसरली असेल तर पाणी देवळाच्या कळसापर्यंत पोचलेलं असतं. रेघेच्या आत घराला परवानगी मिळत नाही असं कानावर गेलं असेल तर तेच पाणी अंगणाच्या पायरीलाही शिवलेलं नसतं. एकाच माणसाने एकाच भिंतीवर मला दोन महिन्यांच्या अंतराने दोन खुणा दाखवल्या होत्या. मधल्या जागेत मी उभी राहिले असते. म्हणून मी माणसांपेक्षा भिंतींवर आणि झाडांवर भरवसा ठेवायची. चिखलाची वाळलेली रेघ आणि करंजाच्या फांदीत अडकलेला पेंढा यांना भरपाई नको असते.

हा भरवसा एकदा मला चांगलाच महागात पडणार होता. तीच गोष्ट सांगायची आहे.

गावाचं खरं नाव लिहीत नाही. आमडोंड म्हणू. मोखाड्याच्या बाजूचं, नदीच्या वळणावरचं बाजाराचं गाव. चाळीसेक दुकानं, आश्रमशाळा, दवाखाना, एसटीचा थांबा. दर गुरुवारी आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं बाजाराला येतात. दुकानांची रांग आणि नदी यांच्यामध्ये मोठा मोकळा उतार आहे, तोच बाजारतळ. एका श्रावणात नदी बाजारतळावरून वर आली आणि दुकानांत गुडघाभर पाणी शिरलं. जीवितहानी झाली नाही, पण तांदूळ, खत, कापड, शाळेच्या वह्या, सगळ्याचा लगदा झाला. गावाने पूरसंरक्षक भिंतीसाठी अर्ज केले. त्या अर्जांवर पहिली सही मनोहरशेठची असायची.

मनोहरशेठचं किराणा दुकान होतं आणि बाजारतळाच्या अगदी टोकाला, नदीला लागून, भाताची वखार होती. पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस. चहा पाजल्याशिवाय भिंतीला मोजणीची पट्टी टेकवू द्यायचा नाही. चहा झाला की पुराची खूण दाखवायचा, आणि ती दर वेळी माझ्या चिखलाच्या रेघेपेक्षा हातभर वर असायची.

मी पाहणी केली ती जानेवारीत. बरोबर धर्मा होता. मोजणीची पट्टी धरण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दोन दिवस आम्ही बाजाराचा काठ मोजला. समोरचा काठ अर्ध्या दिवसात उरकला. तिथे नदीच्या जरा वर नऊ झोपड्या होत्या. कुडाच्या भिंती, वर कुठे कौलं, कुठे पेंढा. माणूस नव्हता, कोंबडी नव्हती. विचारायला कोणी नाही आणि कुडाच्या भिंतीवरची चिखलाची रेघ कधीच गळून गेलेली.

धर्मा म्हणाला, "मॅडम, दारं दोरीनं बांधलीत."

मी म्हटलं, "हो. पुढची पट्टी धर."

आणि वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पडीक झोपड्या.'

मी याच भागातली. दिवाळी झाली की ज्यांच्याकडे जमीन नाही ती माणसं बायकामुलांना घेऊन वीटभट्टीवर जातात, हे मला कोणा पुस्तकातून कळायचं नव्हतं. माझ्या वर्गातली कितीतरी बाकं त्या महिन्यांत रिकामी असायची. दार दोरीने कोण बांधतं? ज्याला परत यायचं आहे तो. तरी मी ते दोन शब्द लिहिले. ऊन कलत होतं, जीप परत द्यायची होती, आणि समोर वस्ती नसली की आमचं गणित फार सोपं होतं. याहून बरं कारण मला सापडलेलं नाही.

भिंतीने पाणी कमी होत नाही. बाजारात पसरणारं पाणी भिंत बांधल्यावर नदीच्या पात्रातच राहतं, वर चढतं, आणि समोरचा काठ सखल असेल तर तिकडे जातं. समोर पडीक जागा असेल तर जाऊ दे म्हणायचं. मी तसंच म्हटलं होतं. नदीच्या अगदी काठावरून भिंत दाखवली, बाजारतळ आणि वखार दोन्ही भिंतीच्या आत घेतली. गाव खूश झालं. प्रस्ताव वर गेला आणि वर्षभराने मंजूर होऊन आला.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी भिंतीची आखणी करायला गेले. ठेकेदाराचे दगड येऊन पडले होते. धर्मा फक्कीने पांढरी रेघ मारत होता. पलीकडून बायकांचं बोलणं, हसणं ऐकू यायला लागलं. मान वर करून बघितलं तर झोपड्यांपुढे माणसं होती. पोरं गोट्यांवरून पळत होती. धर्मा माझ्याकडे बघेना. तो रेघ मारत राहिला.

मी कोरडं पात्र ओलांडून तिकडे गेले. पहिल्याच घरापुढे एक बाई ओटा सारवत होती. सुकरी तिचं नाव. चाळीस-पंचेचाळीसची असेल.

"कवा आलात?" मी विचारलं.

"परवा. शिमग्याला येतूच ना बाय. शिमगा झाला का मंग परत भट्टीवर."

"आणि पावसाळ्यात?"

"मिरगाला येतू ते दिवाळीपावतर हितंच. मंग जावचं कुठं?"

नदी कोरडी असते तेव्हा ही घरं रिकामी, आणि नदी भरते तेव्हा घरं भरलेली. मी बरोबर उलट्या महिन्यात येऊन मोजून गेले होते.

मी विचारलं, "मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?"

बाजारात हा प्रश्न विचारला की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघत. सुकरीने बघितलं नाही. शेणाचा हात तिने ओट्याच्या खाली, एक वीत सोडून टेकवला. "हितवर. पानी पलीकडं पसारला म्हून आमी वाचलू." आणि तिने बाजारतळाकडे बोट केलं. मग धर्माच्या रेघेकडे बघून म्हणाली, "ती पांढरी रेघ कसली मारता?"

"भिंत बांधायची आहे. बाजारात पाणी जाऊ नये म्हणून."

तिने रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. "मंग त्या पान्याने जावचं कुठं?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "बघते," आणि पात्र ओलांडून परत आले. त्या शंभर पावलांत मी दोनदा ठेचकाळले.

घरी येऊन समोरचा काठ वस्ती धरून पुन्हा मांडला. पंचवीस वर्षांचा पूर आला आणि भिंत काठावर असली, तर सुकरीच्या दारात उभ्या माणसाच्या कमरेच्या वर पाणी येत होतं. सावकाश चढणारं नव्हे, झाडं घेऊन येणारं. भिंत बाजारतळाच्या मागे, दुकानांच्या पाठीला लावली आणि बाजारतळ नदीला मोकळा सोडला, तर तेच पाणी तिच्या ओट्याच्या खाली राहत होतं. उत्तर एवढं सरळ होतं की लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शिमग्याची सुट्टी होती. मी घरीच पत्र लिहायला बसले. आखणीत बदल सुचवायचा असला की आमच्याकडे 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहितात. त्याच्या मागे काहीही लपतं. मीही तेच लिहिलं. मग तो कागद फाडला आणि लिहिलं, की पाहणीच्या वेळी समोरच्या काठावरची नऊ घरं मी पडीक समजले, ती राहती आहेत, ही माझी चूक आहे, आखणी बदलावी.

साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. कडक माणूस, कमी बोलणारे. म्हणाले, "चूक झाली असं लिहून देणारं पत्र माझ्या नोकरीत पहिलंच. हे कुठल्या फायलीला लावायचं तेच मला कळत नाही."

मी उभीच होते.

"ठेकेदाराचा माल पडलाय. गाव आनंदात आहे. तुम्ही आता त्यांना सांगणार की बाजारतळ सोडा?"

"हो."

"ग्रामसभेने बाजारतळ आणि वखार भिंतीबाहेर ठेवायला होकार दिला तर बदल मी मंजूर करून आणतो. नाही दिला, तर आहे त्या रेघेवर काम चालू होईल. आणि मग तुमचं हे पत्र तुमच्याच अंगावर येईल, एवढं लक्षात ठेवा."

ते धमकी देत नव्हते, खरं तेच सांगत होते. हाती दिवस थोडे होते. चार दिवसांनी सुकरीची माणसं पुन्हा भट्टीवर जाणार होती आणि मला ती बाजारातल्या लोकांना दाखवायची होती. झोपड्या तर त्यांनी रोजच बघितल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मी दुकानदारांना बाजारतळावर बोलावलं. मनोहरशेठनी सगळ्यांना चहा पाजला, मलाही. मग म्हणाले, "मॅडम, किती वर्षं अर्ज केले. भिंत दारात आली आणि तुम्ही म्हणता मागे सरका. नऊ झोपड्यांपायी चाळीस दुकानं?"

"दुकानं वाचतातच शेठ. बाहेर राहतो तो बाजारतळ, आणि तुमची वखार."

"माझीच वखार का?"

"ती नदीच्या जागेत आहे. तुम्ही बांधलीत तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं."

मागे कोणी तरी हसलं. मनोहरशेठ हसले नाहीत. कापडाचे दुकानदार म्हणाले, की ती माणसं आज इथे, उद्या तिथे, त्यांचं काय एवढं.

मी मोजणीचं यंत्र तिवईवर लावलं. जुनं यंत्र होतं, त्यात सगळं उलटं दिसायचं. मुद्दाम नेलं नव्हतं, नवं दुरुस्तीला गेलेलं. या यंत्राच्या दुर्बिणीत एक आडवी तार असते. तार ज्या उंचीला लावाल, तीच उंची लांबवर कुठेही वाचता येते. मी ती काठावर भिंत बांधली तर येणाऱ्या पुराच्या उंचीला लावली. पट्टी घेऊन धर्मा पलीकडे गेलेलाच होता. मी हात केला तशी त्याने पट्टी सुकरीच्या दारात उभी केली, आणि सुकरी काय चाललंय बघायला पट्टीशेजारी येऊन उभी राहिली.

"शेठ, बघा. तार जिथे लागते तिथवर पाणी."

त्यांनी डोळा लावला.

"ही उलटी का दिसते?"

"जुनं यंत्र आहे. उलटंच दाखवतं."

पुन्हा डोळा लावला. "सुकरी आहे ही. दर गुरुवारी मीठ नेते माझ्याकडून." मग जरा वेळाने, "कमरेच्या वर लागते की हो तार."

"हो."

"तिच्या पायाशी नातवंड बसलंय."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि बाजूला झाले. मग एकेक करून सगळ्यांनी बघितलं. कापडवाल्यांनी नाही बघितलं. त्यांनी माझ्याशी त्यानंतर बोलणंच टाकलं. आजही मोखाड्याच्या बाजारात दिसले तर वाट बदलतात.

मनोहरशेठ त्या दिवशी हो-नाही काहीच म्हणाले नाहीत. मी घरी आले ती काम हातचं गेलं असं समजूनच. दोन दिवसांनी ग्रामसभा झाली. अर्धा तास आरडाओरडा झाल्यावर मनोहरशेठ उठले आणि म्हणाले, "पूर आला की बाजार तसाही भरत नाही. बाजारतळ राहू द्या बाहेर. वखारीतला माल मी मिरगाच्या आधी हलवतो. वखारीत काही मी राहत नाही." एवढंच बोलून बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ग्रामसेवकाने ठराव लिहून घेतला. साहेबांनी शब्द पाळला, बदल मंजूर करून आणला.

भिंत मिरगाच्या तोंडावर कशीबशी उभी राहिली. तिला खालून पाईप ठेवले आणि नदीकडच्या तोंडाला लोखंडी झडपा लावल्या, कारण भिंत नदीचं पाणी बाहेर अडवते तसंच गावाचं पावसाचं पाणी आत कोंडते. नदी चढली की झडप मिटते, उतरली की उघडते.

त्या पावसाळ्यात नदी बाजारतळापर्यंतही आली नाही. लोक मला विचारायचे, कुठे आहे तुमचा पूर? मीही मनात नाराज व्हायची आणि मग नाराज झाल्याबद्दल स्वतःला बोलायची. त्याच वर्षात मी माझ्या जुन्या पाहण्या बाहेर काढल्या. आणखी दोन ठिकाणी माझ्याच अक्षरात तेच दोन शब्द सापडले. दोन्हीकडे मिरगानंतर जाऊन आले. एका ठिकाणी खरंच कोणी राहत नव्हतं. दुसरीकडे सहा घरं होती, पण तिथलं काम मंजूरच झालं नव्हतं. त्या दिवशी जीपमध्ये बसून मी ड्रायव्हरला म्हटलं, "जरा थांबा," आणि नुसती बसून राहिले.

पूर आला तो पुढच्या श्रावणात. सकाळी नऊला ग्रामसेवकाचा फोन आला, "मॅडम, पाणी बाजारतळावर चढलंय." मी जव्हारहून निघाले. आमडोंडच्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे फरशी पूल आहे. तो दिसतच नव्हता, त्याच्यावरून लाल पाणी पुरुषभर उंच चाललं होतं. आम्ही तिथेच अडकलो. दोन्ही अंगांना डोंगर, गाव दिसत नाही, फोनला रेंज नसल्यासारखीच.

पाच तास मी त्या पाण्याकडे बघत उभी होते. कागदावर गणित चुकलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण कागदावरची नदी स्वच्छ असते. तिच्यात मुळासकट उपटलेला साग आडवा अडकत नाही. यंदा कुठला पूर हाताला लागला आहे, निळा की लाल, ते कोण सांगणार? ड्रायव्हर दोनदा म्हणाला, "मॅडम, गाडीत बसा, भिजताय." मला पाऊस लागतच नव्हता. सुकरीच्या घरात मिरगापासून कोण कोण असतं ते मला आता पाठ होतं. ती, नवरा, सून, दोन नातवंडं, आणि पलीकडच्या घरात तिची सासू, जिला उठून चालता येत नव्हतं.

दुपारी फोन एकदाच वाजला. मनोहरशेठ. "मॅडम, वखार गेली," एवढंच ऐकू आलं आणि फोन कटला. त्यानंतर पुन्हा लागला नाही. वखार गेली, म्हणजे पाणी किती आहे? भिंत आहे का? पलीकडचं काय? त्या तीन शब्दांतून मी दोन तास अर्थ काढत बसले.

साडेचारच्या सुमाराला फरशी उघडी पडली. गाडी नेण्यात अर्थ नव्हता. मी चालतच गेले. बाजारात शिरले तर दुकानं कोरडी. भिंत उभी होती, तिच्या अंगावर छातीएवढ्या उंचीला ओली रेघ होती. एका झडपेत प्लास्टिकची पोती अडकली होती, त्यामुळे एसटीच्या थांब्यापाशी घोटाभर पाणी तुंबलं होतं. दोघा-तिघांनी त्यावरून मला चांगलंच सुनावलं. मी ऐकून घेतलं. त्या वेळी कोणी काहीही बोललं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं.

मनोहरशेठ पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून भिंतीवर बसले होते. समोर त्यांच्या वखारीचे चार खांब उरले होते.

"माल होता?" मी विचारलं.

"थोडा. मागल्या वर्षी पाणी आलं नाही ना, म्हणून परत नेऊन टाकला होता." जरा ओशाळून म्हणाले, "ते तुमच्या टोपलीतल्या आंब्यांचं मला अजून नीट समजलेलं नाही मॅडम."

मी पलीकडे बघत होते. पावसात माजलेल्या झाडीमुळे घरांची आढी दिसत होती, ओटे दिसत नव्हते.

त्यांनीच सांगितलं, "मघाशी मी हाका मारून विचारलं. सगळी आहेत म्हणाली. पाणी दाराशी आलं आणि तिथंच थांबलं." मग थोड्या वेळाने, "म्हातारीला वर डोंगरात उचलून नेली होती त्यांनी. ती म्हणे सारखी घरी न्या म्हणून भांडत होती."

मी त्यांच्या शेजारी भिंतीवर बसले.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली, तीही लिहिते. ती नऊ घरं ज्या जागेवर आहेत ती त्यांच्या नावावर नाही. वरच्या बाजूला, लाल रेघेच्याही बाहेर त्यांना जागा मिळावी म्हणून मी दोनदा लिहिलं. ते माझ्या खात्याचं काम नव्हतं, आणि ज्यांचं होतं त्यांनी मला तसं कळवलं. सडका आंबा टोपलीत अजून आहे आणि त्याहून सडका लाल रेघेवरचाही आहे. निवृत्त झाले तरी श्रावणात पाऊस रात्रभर धरून राहिला की सकाळी मी ग्रामसेवकाला फोन करते. आताचा ग्रामसेवक नवा आहे. तरी तो वैतागत नाही, हे त्याचं चांगलं.

पूर ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या मोठ्या पुलावरून वळसा घालून पलीकडच्या काठाला गेले. जीप रस्त्यावर ठेवली आणि चिखलातून वाडीवर चढले. अंगणात गाळ होता, एक अख्खं आंब्याचं झाड कुठून तरी येऊन आडवं पडलं होतं. सुकरी फावड्याने गाळ ओढत होती. मी आधी पट्टी काढली आणि तिच्या ओट्यावरची ओली रेघ मोजली. ओट्याच्या काठाच्या चार बोटं खाली. माझ्या गणितापेक्षा पाणी वर आलं होतं, पण आत गेलं नव्हतं. वहीत आकडा लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात घरं नऊ आणि माणसं किती ते लिहायचं होतं, म्हणून तिला विचारलं. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली, मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाय, तू बस जरा. चाय करतू."

मी ओट्यावर बसले, कुडाला पाठ टेकली. चूल ओली होती, ती पेटवायला तिला वेळ लागत होता. पलीकडच्या घरात सुकरीची सासू नातसुनेशी कशावरून तरी भांडत होती. तो आवाज ऐकताना मला फार बरं वाटलं, एवढं आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन पाऊस दोन्ही चाललं होतं आणि अंगावर गोधडी होती. चहा कधीच थंड होऊन गेला होता. खाली जीपचा ड्रायव्हर एका दगडावर बसून भाकरी खात होता. त्याने नंतर सांगितलं, की तो तासाभराने मला शोधत वर आला होता, तेव्हा सुकरीने त्याला अंगणातच अडवलं.

म्हणाली, "निजू दे तिला. पानी उतारला आता."